टाळकरी, प्रथम श्रेणी

भजनाला आता इयत्ता आल्या आहेत. एका संस्थेचं माहितीपत्रक गेल्या काही महिन्यांपासून आमच्या फलटण तालुक्यात फिरतं आहे. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर विठ्ठल, आणि विटेच्या बरोबर खाली क्यूआर कोड. आत भजन-गायनाच्या सात पातळ्या छापल्या आहेत. प्रत्येक पातळीला प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा, वरच्या पातळ्यांना लेखी पेपर, शेवटी होलोग्राम लावलेलं प्रमाणपत्र. उत्तीर्ण होणाऱ्याला 'श्रेणीप्राप्त भजनगायक' म्हणायचं. म्हणजे उद्या सप्ताहात पाणी वाटणारा पोरगा विचारणार, बुवा, आपण श्रेणीप्राप्त की नुसतेच?

हे वाचून मी हसले असते आणि पत्रक रद्दीत टाकलं असतं. पण लोक भराभर नावं नोंदवताहेत. माझ्याकडे गाणं शिकणाऱ्या मुलीची आई परवा विचारत होती, "ताई, याचे दहावीला मार्क मिळतात का हो?" मी म्हटलं, नाही मिळत. त्यावर ती म्हणाली, "आत्ता नाही, पण पुढेमागे मिळतील ना? तोवर चार पातळ्या तरी होऊन जातील." बाईचा हिशोब चोख आहे. २०१७ पासून आपल्या शिक्षण खात्याने शास्त्रीय गायन, वादन आणि नृत्याच्या परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या मुलांना दहावीला वाढीव गुण द्यायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून आठवी-नववीतल्या मुलांना एकाएकी संगीताची ओढ लागते. दहावीचा निकाल लागला की ती ओढ ओसरते. तानपुऱ्याचं अ‍ॅप फोनमधून उडतं. हा उद्योग ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांनाच नेमकी भजनाची परीक्षा सुचली याचं मला नवल वाटत नाही.

आता कोणी म्हणेल, हिला परीक्षांचं वावडं आहे. मुळीच नाही. मी स्वतः विशारद आहे, आणि त्या कागदावर माझं घर चालतं. तेव्हा परीक्षा या गोष्टीच्या नावाने बोटं मोडण्याचा मला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. माझं भांडण एकाच मुद्द्यावर आहे. जे गाणं दहा-वीस जणांनी मिळून गायचं, त्याची परीक्षा एकेकट्याला खोलीत बोलावून घेता येत नाही. तरीही घेतलीत, तर तुम्ही तपासता एक आणि प्रमाणपत्र देता दुसऱ्याचंच. बाजारात असं कोणी केलं तर वजनमापवाले धाड टाकतात. इथे दीपप्रज्वलन होतं.

पत्रकातला अभ्यासक्रम मी बारकाईने वाचला. पातळी दोनला पाच अभंग पाठ, भजनी ठेका हातावर धरून ठाय आणि दुगुण, आणि 'अभंग' या रचनाप्रकाराची पाच ओळींत माहिती. पातळी चारला भूप, भीमपलास आणि यमन या रागांत बांधलेला प्रत्येकी एक अभंग, किमान चार आलाप आणि चार तानांसह. तानांसह! चाळीस टाळकरी दोन्ही बाजूंना उभे आहेत, पखवाज चढला आहे, आणि हा श्रेणीप्राप्त इसम मध्येच आठ मात्रांच्या चार ताना घेणार. तोवर बाकीच्यांनी काय करायचं? टाळ काखेत धरून घड्याळ बघायचं? गुणांची वाटणी तर फ्रेम करून लावावी अशी आहे. सुराला तीस, तालाला वीस, पाठांतराला वीस, तोंडीला वीस, 'सादरीकरण व पेहराव' दहा. धोतर नीट नेसलं तर गुण आहेत. शेजारच्याचं ऐकण्याला, ध्रुपद वेळेवर उचलण्याला, ओळीत आवाज मिळवण्याला एकही गुण नाही. कारण परीक्षेच्या खोलीत शेजारी कोणी नसतोच.

ज्यांनी वारकरी भजन फक्त मोबाइलवर पाहिलं आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगते. मध्ये विणेकरी. त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर टाळकऱ्यांच्या ओळी. पखवाजी एका अंगाला, धुमेला कणीक लावून तयार. चाल म्हणणारा चरण म्हणतो, ओळ ध्रुपद उचलते. चरण संपण्याआधीच, शेवटच्या अक्षरावर, ओळीचा आवाज आत शिरला पाहिजे. मध्ये फट पडली की भजन पडलं. पुन्हा, सगळ्यांनी एकाच जागी श्वास घेऊन चालत नाही. डावीकडच्याने इथे घेतला तर मी तिथे घ्यायचा, म्हणजे बाहेरून ऐकणाऱ्याला वाटतं की हा आवाज श्वास घेतच नाही. हे कोणी शिकवत नाही. चार-पाच वर्षं ओळीत उभं राहिलं की अंगी लागतं, आणि सहा महिने उभं राहिलं नाही तर जातंही.

सुराचीही गोष्ट वेगळीच. परीक्षेत विद्यार्थी आपापला सूर सांगतो. काळी एक, काळी पाच, ज्याचा गळा जसा तसा. पेटीवाला तो सूर देतो आणि गाणं सुरू होतं. ओळीत सूर मंडळींचा असतो. चाल म्हणणाऱ्याने पट्टी चढी धरली की धरली. तुमच्या गळ्याला पेलत नसेल तर खालच्या सप्तकात जा, नाहीतर त्या एका स्वरापुरतं गप्प बसा आणि पुढच्या शब्दावर पुन्हा मिळा. गप्प कुठे बसायचं हे कळणं, याला मी समूहगायनातली निम्मी विद्या म्हणते. गप्प बसण्याला गुण देणारी परीक्षा अजून निघायची आहे. आमच्या परीक्षेत गप्प बसलेल्याला 'अनुत्तरित' म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात या संस्थेने पहिली फेरी घेतली. आमच्या गावच्या भजनातला नववीतला एक पोरगा वडिलांच्या हट्टाने बसला. तो ओळीत कसा उभा राहतो हे मी सप्ताहात पाहिलं होतं. रात्रीचं कीर्तन, मागे टाळकरी. तिसऱ्या चरणाला चाल म्हणणाऱ्याने अचानक चाल बदलली आणि लय वाढवली. पोराच्या डाव्या हाताला ऐंशीच्या घरातले एक आबा उभे होते, ते चुकले. त्यांचा टाळ अर्ध्या मात्रेने मागे पडू लागला. पोराने मान वळवली नाही. त्याने फक्त आपले हात छातीपासून थोडे पुढे आणि डावीकडे नेले, म्हणजे आबांना टाळ दिसेल असे, आणि वाजवण्याचा जोर कमी केला. दोन आवर्तनांत आबांचा टाळ जागेवर आला. पोराचे हात पुन्हा छातीशी. मांडवातल्या पाच-सहाशे माणसांपैकी कोणाच्या हे लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही. आबांच्याही आलं नसावं.

हाच पोरगा परीक्षेला बसला. खोलीत तो, टेबलामागे परीक्षक, कोपऱ्यात पेटी आणि तबला. होय, तबला. पखवाजी मिळाला नाही म्हणे. पोराने अभंग म्हटला. परीक्षकांनी विचारलं, राग कोणता? पोरगा म्हणाला, "बुवांची चाल आहे." पुन्हा विचारलं, थाट कोणता? पोरगा गप्प. त्याला 'क' श्रेणी मिळाली. शेऱ्यात लिहिलं होतं: 'आत्मविश्वास वाढवावा.' शहरातल्या क्लासची जी मुलगी त्या केंद्रात पहिली आली, तिला माघात एका सप्ताहात ओळीत उभी केली, तेव्हा तिला ध्रुपद कुठून उचलायचं तेच समजेना. ती प्रत्येक वेळी चरण पूर्ण होण्याची वाट बघे, मग श्वास घेई, मग सुरू करी. तिच्यात काही उणं नाही. गळा सुरेख आहे, कष्टाळू आहे. तिला चार मिनिटांत गाऊन समेवर थांबायला आणि नमस्कार करायला शिकवलं गेलं आहे, आणि ते ती उत्तम करते. वाईट एवढंच की तिला कोणीतरी लेखी कळवलं आहे की हे भजन आहे.

आता पत्रकाच्या प्रस्तावनेकडे येते, कारण तिथे पूर्वजांना साक्षीला उभं केलं आहे. विष्णु दिगंबर पलुसकरांचं नाव पहिल्याच परिच्छेदात. पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, संगीताला अभ्यासक्रम आणि परीक्षा दिल्या, तर मग भजनाने का मागे राहावं, असा युक्तिवाद. नाव मोठं आहे, तेव्हा नीट बघू. पलुसकरांपुढे जो काळ होता त्यात विद्या उस्तादाच्या मर्जीवर होती. वर्षानुवर्षं सेवा करायची आणि तोंडातून एक चीज पडण्याची वाट बघायची. गाणं शिकणं हे सभ्य घरातलं काम मानलं जात नव्हतं. त्यावर त्यांनी शाळा काढली, फी ठेवली, स्वरलिपी छापली, परीक्षा घेतली. मर्जीच्या जागी नियम आणला. १९३१ साली ते गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. प्रारंभिकपासून अलंकारापर्यंतची जी शिडी आज खेडोपाडीची पोरं चढतात, ती तिथून आली. माझ्यासारख्या, घरात गाण्याचा गंध नसलेल्या मुलीला त्या शिडीमुळेच भीमपलास कळला. याबद्दल मी कृतज्ञच आहे.

पण ती शिडी एकट्या गायकाच्या गाण्यासाठी होती. ख्याल हा एकट्याने मांडायचा, म्हणून परीक्षकासमोर एकटं बसवणं तिथे गैर नाही. आणि खुद्द पलुसकर उत्तर आयुष्यात कुठे वळले? मुंबईतल्या इमारतीचं कर्ज डोक्यावर बसलं, ती गेली, आणि त्यांनी नाशिकला रामनाम आधार आश्रम केला. तिथे रामधून होती. ज्या माणसाने देशाला संगीताच्या परीक्षा दिल्या, त्याने रामनामाला प्रथमा-मध्यमा लावली नाही. प्रस्तावना लिहिणाऱ्यांना चरित्राचा हा उत्तरार्ध सापडला नसावा, किंवा सापडून परवडला नसावा.

त्यांच्याच शिष्याचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. गांधींनी साबरमतीच्या आश्रमासाठी पलुसकरांकडे गायक मागितला आणि नारायण मोरेश्वर खरे तिकडे गेले. पक्के शास्त्रीय गवई. त्यांच्या पुढ्यात काय होतं? सूत कातणारे, संडास साफ करणारे, वेगवेगळ्या प्रांतांतून आलेले, निम्म्यांना सूर लागत नाही असे लोक. त्यांना रोज सकाळ-संध्याकाळ एकत्र गायला लावायचं. खऱ्यांनी 'आश्रम भजनावली' तयार केली, चाली सोप्या ठेवल्या, आणि लोकांना गाऊन गाऊन गायला शिकवलं. १९३० साली दांडीला निघालेल्या तुकडीत ते स्वतः चालत गेले, तंबोरा घेऊन. त्या ७८ जणांपैकी कितीजण 'पातळी दोन' उत्तीर्ण झाले असते हा प्रश्न मी संस्थेवरच सोडते.

प्रस्तावनेत पुढे इंग्लंडही आहे. परदेशात चर्चमध्ये गाणाऱ्यांनासुद्धा श्रेणी परीक्षा असतात, असं एक वाक्य ठोकून दिलं आहे. असतात, खरं आहे. सिडनी निकल्सन यांनी १९२७ साली सुरू केलेली संस्था, जिला पुढे 'रॉयल स्कूल ऑफ चर्च म्युझिक' हे नाव मिळालं, तिची 'व्हॉइस फॉर लाइफ' नावाची योजना आहे. पांढरी, फिकी निळी, गडद निळी, लाल, पिवळी अशा पातळ्या, आणि गळ्यात रंगीत फितीचं पदक. पण त्या रंगांच्या पातळ्या कोण ठरवतं? मुलांना रोज शिकवणारा, त्यांच्याबरोबर रविवारी उभा राहणारा गायकवृंदाचा शिक्षक. मूल सरावाला वेळेवर येतं का, वृंदात कसं वागतं, उपासनेत काय करायचं ते त्याला कळतं का, हे सगळं त्या योजनेतच आहे. त्या योजनेचा पायाच वृंद आहे. आमच्या पत्रकाने त्यातली पदकं तेवढी उचलली. आणि एवढं लांब जायची तरी काय गरज होती? शेजारी गोव्यात पॅरिशच्या शाळांमध्ये मेस्त्रांनी पिढ्यानपिढ्या पोरांना सोल्फेज घोटवलं आणि रविवारी मिस्साला चार आवाजांत उभं केलं. चूक झाली की सगळ्या गावाला ऐकू जायची. त्या शाळांतून निघालेल्या लोकांनी पुढे मुंबईच्या सिनेमाचे वाद्यवृंद भरून काढले.

आमच्याकडे तपासणी नव्हतीच, असं या मंडळींना वाटतं की काय? कोकणात जाऊन एक डबलबारी ऐका. दोन बुवा, दोन मंडळं, समोरासमोर. एकाने गजर करायचा, अभंग म्हणायचा, गौळणीत प्रश्न टाकायचा. दुसऱ्याने त्याच रात्री, त्याच गर्दीसमोर उत्तर द्यायचं. मागच्या कोरसने बुवाचा शब्द झेलला नाही तर बुवाचं पाठांतर काय कामाचं? पहाटेपर्यंत बसलेले लोक दोघांनाही सोलून काढतात, आणि निकाल लावायला शिक्का लागत नाही. वारीत याहून कडक. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीत रथापुढे २७ दिंड्या, मागे शेकडो. ही शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी लावून दिलेली. मुक्कामाला समाज आरती असते. हजारो टाळ वाजत असतात आणि चोपदाराने दंड उंच धरला की एका क्षणात सगळं बंद. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तीच टाळ वाजवत राहते, म्हणजे कोणाचं दुखणं आहे ते सगळ्या तळाला कळतं. वाजवण्याइतकंच थांबणंही जमलेले एवढे गाणारे-वाजवणारे कुठल्या परीक्षा केंद्राने घडवले ते मला कोणीतरी दाखवावं. फलटणच्या तळावर मी हे लहानपणापासून पाहत आले आहे.

आणि ज्यांना पद्धतशीर शिक्षणच हवं आहे, त्यांच्यासाठी विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढून ठेवली आहे. चार वर्षं तिथे राहायचं, मधुकरी मागायची, ग्रंथ वाचायचे, रोजच्या भजनात उभं राहायचं. चार वर्षं मुलाला डोळ्यांसमोर ठेवून शिकवणं आणि पंधरा मिनिटांत त्याचा निकाल लावणं या दोन गोष्टी एका वाक्यात बसवायलाही संकोच वाटायला हवा.

इथपर्यंत वाचून काही मंडळी खूश झाली असतील. 'बरोबर आहे ताई, भजनात भाव महत्त्वाचा, सुराबिराचं काय एवढं!' तुम्ही जरा थांबा. तुमच्यामुळेच ही वेळ आली आहे. भावाच्या नावाखाली तुम्ही वर्षानुवर्षं बेसूर ओरडत आहात आणि त्यात कर्ण्यांचे आवाज वाढवून ठेवले आहेत. चाळीस जणांच्या ओळीत एका माइकवर एकटा चाल म्हणणारा गातो आणि बाकीचे एकोणचाळीस नुसते हलतात, कारण त्यांचा आवाज कर्ण्यापुढे ऐकूच येत नाही. ओळ मारली ती आधी या माइकने. परीक्षावाले आले ते तिच्या तेराव्याचं जेवायला. आणि पदव्यांचं म्हणाल, तर चौकातला कुठलाही सप्ताहाचा फ्लेक्स बघा. गायनाचार्य, मृदंगाचार्य, गानसम्राट, मृदंगमणी, विनोदाचार्य. वयाची विशी न गाठलेले आचार्य. यांना ही आचार्यपदं कोणी दिली? फ्लेक्स छापणाऱ्याने. अशा बाजारात कोणी होलोग्रामवालं प्रमाणपत्र घेऊन आला, तर लोकांना तो त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटणारच. फुकटच्या आचार्यांपेक्षा पैसे भरून झालेला श्रेणीप्राप्त बरा, एवढाच हा हिशोब.

दुसरी एक बाजू आहे, आणि ती मला टाळून चालणार नाही, कारण ती माझीच आहे. कीर्तनात मागे उभं राहून चाल म्हणण्याच्या जागेवर बाईला सहजासहजी कोणी उभं करत नाही. जनाबाईचे, मुक्ताबाईचे, बहिणाबाईचे अभंग रात्रभर म्हणतील, पण बाईने हातात टाळ घेऊन पुढे पाऊल टाकलं की 'महिलांचं भजन दुपारी आहे' असं सांगतील. मला ज्या गावात पहिल्यांदा पेटीवर बसू दिलं, तिथल्या सरपंचांनी ओळख करून देताना तीनदा 'विशारद' म्हटलं. त्या कागदाच्या जोरावर मी आत गेले. कागद नसता तर माझा गळा ऐकायची तसदी कोणी घेतली नसती. तेव्हा एखादी सून, एखादी शाळकरी मुलगी, किंवा ज्याच्या आडनावावरून त्याला अजूनही ओळीच्या टोकाला ढकलतात असा एखादा पोरगा उद्या म्हणाला की मला प्रमाणपत्र पाहिजे, तर त्याला मी हसणार नाही. त्याला दार उघडायला ते लागतं. त्या दारात आडवे पडलेल्यांना मात्र मी विचारीन की तुम्ही कुठली परीक्षा देऊन आडवे पडलात.

पण या पत्रकाने त्या बाईसाठी तरी काय केलं? वरच्या तीन पातळ्यांचे अभंग बांधले आहेत ते पुरुषांच्या चढ्या पट्टीत शोभतील असे. महिला भजनी मंडळं जी दुपारी चार-चार तास गातात, गवळणी, भारुडं, हरिपाठ, ते सगळं 'सुगम व इतर' या रकान्यात, वैकल्पिक म्हणून, दहा गुणांना. म्हणजे बाईला आत घेतलं आणि पुन्हा दुपारीच बसवलं.

मी संस्थेला पत्र लिहिलं. फुकटचा त्रागा करण्यापेक्षा काहीतरी सुचवावं म्हणून. लिहिलं की परीक्षा घ्यायचीच तर मंडळाची घ्या, माणसाची नको. दहा-पंधरा जणांचं मंडळ, त्यांच्याच देवळात, त्यांच्या नेहमीच्या वेळेला. पहाटे काकडा असेल तर पहाटे या. परीक्षकाने टेबलामागे बसायचं नाही, ओळीत टाळ घेऊन उभं राहायचं. जो ओळीत उभा राहू शकत नाही तो परीक्षक नको. माइक बंद. मध्येच एका अनोळखी माणसाला ओळीत उभा करा आणि मंडळ त्याला कसं सांभाळून घेतं ते बघा. चाल म्हणणाऱ्याला दोन अभंगांनंतर खाली बसवा आणि भजन चालू राहतं का ते बघा. राग विचारू नका, चाल कोणाकडून आली ते विचारा. आणि निकालाच्या कागदावर सगळ्यांची नावं एकाच आकाराच्या अक्षरांत लिहा, पखवाज्याचं आणि पाणी देणाऱ्याचंही.

आठवड्याने फोन आला. बोलणारा तरुण मुलगा फार सौजन्याचा होता. "ताई, तुमची कल्पना खूपच छान आहे. आमच्या सरांनाही आवडली. पण आपलं पोर्टल तसं नाहीये."

म्हटलं, कसं नाहीये?

"एका अर्जाला एकच नाव बसतं ना. एक फोटो, एक आधार नंबर. ग्रुप घेतला तर प्रमाणपत्र कोणाच्या नावाने जनरेट होणार?"

मी म्हटलं, बरं, मग निदान प्रात्यक्षिकाला पखवाज तरी द्या. भजनाला तबला कशाला?

"पखवाजाची वेगळी परीक्षा आहे ताई," तो म्हणाला. "वाद्य विभागात. त्याचं शुल्क वेगळं भरावं लागेल."